साप आणि गोचिडींच्या रानात पायात काय घालावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं सिंधुदुर्ग, गोवा आणि त्यांना लागून असलेला घाट डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. म्हणजे दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा, आंबोली, तिळारीचं खोरं, चोर्ला घाट, सत्तरी. या पट्ट्यात कातळावर फुरसं, शेताच्या बांधावर घोणस आणि जंगलातल्या पातेऱ्यात, म्हणजे वाळल्या पाचोळ्यात, माकडताप पसरवणारी गोचीड असा तिहेरी मामला आहे. देशावरच्या वाचकांना सापांबद्दलचा भाग तसाच्या तसा उपयोगी पडेल. माकडतापाचा भाग मात्र या पट्ट्याचा आहे.

साप आणि गोचीड, दोन्हींसाठी एकच बूट पुरतो का?

बूट एक चालेल, उपाय एक चालत नाही. सापाला अडवायला जाडी आणि उंची लागते. गोचिडीला अडवायचं तर कुठे फट राहता कामा नये. जाड चामड्याचा महागडा बूट घातलेल्या माणसाच्या पँटच्या घेरातून गोचीड निवांत मांडीपर्यंत जाते. उलट, जळवांसाठी वापरतात ते घट्ट विणीचे कापडी मोजे गोचिडीला बाहेर ठेवतात, पण घोणशीचे दात त्यातून सहज आरपार जातील.

म्हणून बूट निवडताना सापाचा विचार करा आणि तो पायात चढवताना गोचिडीचा. दुकानात फक्त पहिला निर्णय होतो. दुसरा रोज सकाळी घराबाहेर पडताना करावा लागतो, आणि माणसं चुकतात ती बहुधा तिथेच.

कमी पैशात दोन्ही जमवणारी वस्तू म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली येणारा साधा रबरी गमबूट. ट्रेकला जाणारे त्याला नाकं मुरडतात, पण काजूच्या बागेत, शेतावर किंवा सपाट जंगलवाटेवर त्याच्या तोडीचं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

नेमक्या कोणत्या सापांसाठी ही तयारी?

महाराष्ट्रात माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारं प्रतिविषाचं इंजेक्शन याच चौघांच्या विषावर बनवलेलं असतं.

पायातल्या वहाणेच्या दृष्टीने मात्र हे चौघे सारखे नाहीत. नाग बहुतेक वेळा फणा काढून आधी सावध करतो. मण्यार रात्रीचा साप आहे आणि त्याचे दंश प्रामुख्याने जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. तिथे बूट काय करणार? तिथे खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी कामाची. बूट खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो घोणस आणि फुरसं यांच्या बाबतीत, कारण दोन्ही साप पाऊल जवळ आलं तरी जागचे हलत नाहीत. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखा जोरदार फुत्कार टाकते. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं, पण चालणाऱ्याच्या कानापर्यंत तो पोचेलच असं नाही. त्यात फुरसं जेमतेम फूटभर ते दीड फूट, रंग मातीचा, आणि राहतं जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, दगडांखाली. दिसतच नाही.

पाचवा एक आहे, हिरवा चापडा. आंबोलीकडे मलबारी चापडाही दिसतो. हे झुडपांवर आणि फांद्यांवर बसतात, म्हणजे तुमच्या हाताच्या किंवा तोंडाच्या उंचीवर. त्यांच्यापुढे बूट निरुपयोगी. नेहमीच्या प्रतिविषाचाही त्यांच्या विषावर भरवसा धरता येत नाही. यांचा दंश जिवावर बेतणं विरळ, पण सूज आणि वेदना भयंकर. फांदी धरून वर चढण्याची सवय असेल तर आधी फांदी बघा.

बूट किती उंच हवा?

बहुतेक दंश पावलावर, घोट्यावर किंवा त्याच्या जरा वर होतात. साप साधारण आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो. फुरशाच्या बाबतीत घोटा झाकला की सपाट जमिनीवर बरंच काम झालं. घोणस तीन-चार फुटांची, कधी त्याहून मोठी, त्यामुळे पोटरी झाकलेली बरी.

यात एक मेख आहे. हा हिशोब सपाटीचा. घाटवाटेवर एका बाजूला दरड असते, किंवा जुन्या गडग्याला, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाला, लागून वाट जाते, तेव्हा साप तुमच्या गुडघ्याच्या किंवा कोपराच्या उंचीवर असू शकतो. तिथे बुटाची उंची मोजत बसण्यापेक्षा दरडीपासून हातभर लांब चालणं शहाणपणाचं.

गमबुटातून सापाचे दात आत जातात का?

फुरसं आणि नाग यांचे दात लहान असतात, जाड गमबूट त्यांना सहसा पुरून उरतो. घोणशीचे दात दीड सेंटिमीटरच्या आसपास भरू शकतात. पातळ, स्वस्त प्लास्टिकच्या बुटातून मोठ्या घोणशीचा दात आत जाणारच नाही अशी हमी कोणी देऊ नये.

इथे बुटाच्या जाडीइतकंच महत्त्व आतल्या मोकळ्या जागेला आहे. गमबूट पोटरीला चिकटलेला नसतो. दात रबरातून आला तरी त्याला कातडीपर्यंत पोचायला आणखी अंतर कापावं लागतं. म्हणून पोटरीवर घट्ट बसणारा गमबूट घेऊ नका, आणि आत जाड सुती किंवा लोकरी मोजे घाला.

सैल कापडाचंही असंच आहे. अमेरिकेत रॅटलस्नेकवर एक प्रयोग झाला होता. खारं पाणी भरलेले हातमोजे सापांपुढे धरले, काही उघडे आणि काहींवर जीन्सचं कापड. कापड असलेल्या मोज्यांत गेलेलं विष सुमारे दोन-तृतीयांशाने कमी भरलं. आपले साप वेगळे आहेत, पण सैल जीन्स आणि अंगाला चिकटलेली लेगिंग यांतलं काय घालावं, एवढं ठरवायला हे पुरेसं आहे.

खरेदी करताना बुटावर आयएसआय खूण बघा. रबरी बुटांसाठी आयएस ५५५७ आणि पीव्हीसीच्या बुटांसाठी आयएस १२२५४ हे भारतीय मानक आहे. ही मानकं सापासाठी नाहीत, पण बूट निदान धड बनवलाय एवढं त्यातून कळतं.

मग ट्रेकिंगचे बूट नकोत का?

कुठे जाताय त्यावर आहे. कातळकड्यावर, शेवाळलेल्या पायऱ्यांवर, घळीतून उतरताना गमबूट घालणं म्हणजे संकटाला बोलावणं. घोट्याला आधार नाही, सोल वाकत नाही, आणि पीव्हीसीचा तळ ओल्या जांभ्यावर हमखास सरकतो. गड चढताना सापापेक्षा पाय घसरण्याची भीती केव्हाही मोठी. तिथे चांगल्या पकडीचा, घोटा झाकणारा ट्रेकिंगचा बूट घ्या आणि वर गेटर, म्हणजे घोट्यापासून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण, चढवा.

ट्रेकिंगच्या बुटातही जाळीचा आणि चामड्याचा असा भेद आहे. हवा खेळती राहावी म्हणून आजकाल बुटाच्या वरच्या भागाला जाळी असते. धावण्याच्या बुटांना तर नुसती जाळीच. फुरशाच्या दातांसाठी ती जाळी नसल्यात जमा आहे. सड्यावर फिरायचं असेल तर पावलाच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर चामडं किंवा रबराची पट्टी असलेला बूट निवडा. वनरक्षकांच्या पायांत दिसतात ते हिरवे कॅनव्हासचे जंगल बूट यांच्या मधले म्हणायचे. जाळीपेक्षा खूपच बरे, चामड्यापेक्षा कमी, आणि गोचिडीसाठी चांगले, कारण पँट आत खोचून नाडी वरपर्यंत आवळता येते.

सापांसाठीचे खास गेटर मिळतात. घ्यावेत का?

रोज रानात काम असेल, सर्वेक्षण, छायाचित्रण किंवा वनखात्याची नोकरी असेल, तर जरूर. वर्षातून चार ट्रेक करणाऱ्याने आधी बरा बूट घ्यावा, उरलेल्या पैशात गेटर बघावेत.

गेटर म्हणून विकलं जाणारं सगळंच सापासाठी नसतं. बर्फ, चिखल किंवा कुसळं आत जाऊ नयेत म्हणून असलेले पातळ नायलॉनचे गेटर वेगळे. सापासाठीच्या गेटरमध्ये कडक प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा दाट विणीच्या कापडाचे अनेक थर असतात. हातात घेऊन दाबून बघा. अंगठ्याने सहज दबलं तर ते कुसळांसाठीचं. आणि गेटर बुटाच्या वरच्या भागावर पुढे आलेलं हवं, तळव्याखालून पट्टा हवा, नाहीतर नेमका घोटा उघडा राहतो. गेटरच्या आत जाळीचा बूट असेल तर पाऊल पुन्हा उघडंच.

परदेशी बनावटीचे गुडघ्यापर्यंतचे सापाचे बूटही ऑनलाइन दिसतात. एप्रिलमधल्या कोकणच्या घामात ते किती दिवस पायात राहतील याचा विचार करून मगच पैसे घालवा. कपाटात ठेवलेला बूट कोणाला वाचवत नाही.

माकडताप म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा बुटाशी काय संबंध?

हा विषाणूचा आजार. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसंही तापाने आजारी पडली, तेव्हा त्याचा शोध लागला. म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असं त्याचं नाव. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ साली, दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली आणि २०१७ साली बांदा परिसरात त्याची साथ आली. लागण झालेल्यांपैकी साधारण तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात.

माणसाला तो होतो गोचीड चावून, तीही बहुतेक वेळा पूर्ण वाढलेली नव्हे तर मधल्या अवस्थेतली, अगदी बारीक, पटकन न दिसणारी. या अवस्थेतल्या गोचिडी हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळा संपेपर्यंत रानात असतात. डिसेंबर ते मे हा सांभाळायचा काळ. नेमका हाच काळ पातेरा गोळा करण्याचा, लाकूडफाट्याचा आणि काजूचा.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकत नाही. पातेऱ्यात किंवा गवताच्या टोकावर बसून राहते, आपण घासून गेलो की चिकटते आणि वर चढू लागते. म्हणजे तिची चाल बहुधा पायापासूनच सुरू होते.

गोचीड आत शिरू नये म्हणून पँट, मोजे, बूट कसे घालायचे?

पँट मोज्यांच्या आत. मोजे पोटरीपर्यंतचे, घट्ट विणीचे. त्यावर बूट. शर्ट पँटच्या आत. एवढंच. दिसायला बावळट, पण याला पर्याय नाही.

पँट आणि मोजे फिक्या रंगाचे असावेत, म्हणजे वर चढणारी गोचीड दिसते. काळ्या ट्रॅकपँटवर ती शोधून सापडत नाही. पँट आणि मोज्याच्या सांध्यावर चिकटपट्टीचा एक वेढा, चिकट बाजू बाहेर ठेवून, दिला तर बऱ्याच गोचिडी तिथेच अडकतात.

गमबूट घातला म्हणून यातून सुटका नाही. रबरावरूनही गोचीड चढते आणि बुटाच्या उघड्या तोंडातून आत उतरते. पँट मोज्यात खोचलेली असेल तर आत उतरूनही तिला कातडी मिळत नाही. काही जण बुटाच्या तोंडाशी इलॅस्टिक किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात. चांगली युक्ती आहे, फक्त पोटरी आवळली जाऊ देऊ नका.

आणि पातेऱ्यात बसू नका. चालताना गोचिडीला पायापासून सुरुवात करावी लागते, बसलात की तिचं अर्धं काम तुम्हीच केलंत. दगडावर बसायचं तर आधी काठीने दगडाच्या कडा ठोका, खाली कोणी राहत असेल.

बुटांना कोणतं औषध लावावं?

आपल्याकडे आरोग्य खात्याने माकडतापाच्या गावांत डीएमपी किंवा डेपा ही तेलं वाटलेली आहेत. डेपा हे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेलं औषध. रानात जाण्यापूर्वी हातापायांच्या उघड्या भागाला ते लावायचं. परत आल्यावर साबणाने धुऊन टाकायचं. घामाने ते उतरतं, म्हणून दुपारी पुन्हा लावावं लागतं. तुमच्या गावात मिळतं का ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

डीट असलेली मलमं आणि फवारेही चालतात, पण डीटमुळे काही प्लास्टिक आणि कृत्रिम कापड खराब होतं. गमबुटावर किंवा घड्याळाच्या पट्ट्यावर ते चोपडू नका.

परमेथ्रिन वेगळं. ते कातडीला लावायचं नसतं, फक्त कपडे, मोजे, बूट यांवर, कपड्यांसाठी म्हणून बनवलेला अर्ध्या टक्क्याचा फवारा. मारल्यावर पूर्ण वाळू द्यायचं. ओलं असताना ते मांजरांना घातक असतं, तेव्हा पडवीत मांजर लोळत असेल तर बूट दुसरीकडे वाळवा. शेतात फवारायचं परमेथ्रिन घरी पाणी घालून बुटांवर मारू नका. प्रमाण चुकतं आणि त्यात मिसळलेली इतर द्रव्यं अंगावर वापरायची नसतात.

काजूच्या बागेत काम करणाऱ्या बाईने काय घालावं? साडीत हे सगळं कसं जमणार?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. खरं म्हणजे सगळ्यात आधी विचारला जायला हवा, कारण बिया वेचायला वाकून, पातेऱ्यात हात घालून दिवसभर बायाच असतात.

साडीखाली घट्ट मोहरीचा पायजमा किंवा जुनी पँट, ती लांब मोज्यांत खोचलेली, वर गमबूट, आणि साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. बऱ्याच जणी साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो हवाच. अडचण येते ती मापाची. गावच्या दुकानात गमबूट सात-आठ नंबरच्या पुढचेच असतात, बायकांच्या पायात ते डुगडुगतात, टाच वर येते, फोड येतात आणि दोन दिवसांत बूट खळ्याच्या कोपऱ्यात पडतो. बागायतदाराने कामाला माणसं लावताना चार-पाच-सहा नंबरचे जोड आधी मागवून ठेवावेत. मजुरीच्या हिशोबात तो खर्च काहीच नाही.

हातांचा विसर नको. बी वेचताना फुरसं चावतं ते बोटाला. पातेरा आधी काठीने किंवा दाताळ्याने बाजूला करायचा, मग हात घालायचा. जाड हातमोजे वेचणीत अडचणीचे वाटतात, पण पातेरा आणि गवताचे भारे उचलताना ते घालता येतात.

आणखी एक गोष्ट, जोडवी आणि पैंजण. दंश झाला तर पाय इतका सुजतो की ती कापूनच काढावी लागतात. कामाला जाताना घरी काढून ठेवता आली तर उत्तम.

भातलावणीत गमबूट चालतात का?

चिखलात नाही. गुडघाभर चिखलात गमबूट रुततो, पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो. ज्याने लावणी केली आहे तो असा सल्ला देणार नाही.

पण धोका चिखलापेक्षा बांधावर, गवतात आणि घरून शेतात येण्याच्या वाटेवर जास्त असतो. तिथवर गमबूट, मग बांधावर काढून चिखलात उतरायचं. काढलेले बूट उभे ठेवू नका, काठीवर उपडे टांगा. कापणीच्या वेळी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, शेत कोरडं असतं. तेव्हा गमबूट न घालण्याला सबब नाही, कारण उंदरांमागे घोणस शेतात आलेली असते. म्यानमारमध्येही भातशेतकऱ्यांचा मुख्य शत्रू घोणसच, आणि तिथे त्यांच्यासाठी हलके संरक्षक बूट बनवून बघितले गेले आहेत.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. पावसात आपण चप्पल घालून किंवा अनवाणीच फिरतो.

जळवांचे मोजे गोचिडीलाही चालतील?

हो. आंबोलीला पावसात वापरता ते गुडघ्याखाली नाडीने बांधायचे मोजे जपून ठेवा आणि जानेवारीत पुन्हा काढा. सापासाठी त्यांचा उपयोग शून्य.

माप घेताना काय बघायचं?

संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, रानातही तो तसाच असणार. जे मोजे घालून चालणार तेच मोजे घेऊन जा. बूट घालून दुकानातल्या जिन्यावरून उतरून बघा. उतरताना अंगठा पुढे आपटला तर घाट उतरेपर्यंत नख काळं होणार. गमबुटात टाच किंचित हलते, ते चालतं. पाऊल पुढे-मागे सरकत असेल तर आत सुखतळा घाला किंवा एक नंबर कमी घ्या.

बुटाचा तळ उलटा करून बघा. खोल, एकमेकांपासून लांब असलेले खाचे चिखल सोडतात. उथळ नक्षी चिखलाने भरते आणि मग बूट सपाट होतो.

घालण्यापूर्वी बूट झटकायलाच हवेत का?

हो, प्रत्येक वेळी, घरातही. कोकणात सापापेक्षा विंचवासाठी. लाल विंचवाचा दंश एके काळी लहान मुलांच्या जिवावर बेतत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा त्यावर वापर सुरू केल्यापासून चित्र पालटलं, पण दवाखान्यात धावावं लागतंच. बूट उलटा करून टाच जमिनीवर आपटा आणि मग आत बघा. हात घालून चाचपू नका. रात्री बूट बाहेर ठेवायचे तर बुटाच्या तोंडात जुना मोजा कोंबून ठेवा.

काठी आणि विजेरी असली तर बूट नसले तरी चालेल?

उलट विचारा. बूट असले तरी या दोन्ही हव्यात. सापाला जमिनीतली थरथर चांगली कळते, म्हणून काठी आपटत चालायचं. कोकणात रात्रीचे वाटसरू घुंगुरकाठी घेऊन निघत, त्यात घुंगरांपेक्षा जमिनीवर आपटणाऱ्या टोकाचं काम मोठं असावं असं मला वाटतं. फक्त घोणस आणि फुरसं आवाजाने हलतीलच असा भरवसा नसतो, आणि म्हणूनच बूट. रात्री मोबाइलचा दिवा पुरत नाही, पावलापुढे दोन-तीन मीटर लख्ख दिसेल अशी विजेरी हवी.

बूट घातलेल्या पायाला साप चावलाच तर बूट काढावा का?

काढावा, पण ओढाताण न करता. नाडी पूर्ण सोडा किंवा कापा, गेटर उघडा, बूट अलगद काढा. सूज आल्यावर घट्ट बूट, जोडवी, पैंजण, काळा दोरा हे सगळं पायाला फास लावतं. दोरी बांधणं, कापणं, तोंडाने ओढणं, यातलं काहीही करायचं नाही. पाय हलू न देता, चालू न देता, माणसाला उचलून न्या. १०८ ला फोन करा. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठेपर्यंत कुठेही वेळ दवडू नका, मांत्रिकाकडे तर नाहीच.

सापाला मारून सोबत नेण्याची गरज नाही. त्या नादात दुसरा दंश होतो. किती वाजता चावला एवढं लक्षात ठेवा.

घरी आल्यावर गोचीड चिकटलेली दिसली तर?

बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका. रॉकेल, तेल, चुना, पेटती काडी यांनी ती सुटत नाही, उलट तिच्या पोटातलं तुमच्या अंगात जाण्याची भीती वाढते. नखाने चिरडू नका. जागा आणि हात साबणाने धुवा. कपडे अंगणातच काढून गरम पाण्यात टाका, मग आंघोळ. काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, कमरेचा घेर नीट तपासा, लहान मुलांच्या केसांतही.

पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा. अचानक सणकून ताप, डोकं आणि अंग मोडून दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की जंगलात गेलो होतो, कुठल्या गावाजवळ तेही सांगा. माकडतापावर नेमकं औषध नाही, पण वेळेत भरती झालं तर शरीरातलं पाणी आणि रक्तस्राव यांकडे लक्ष देता येतं. जुनी लस बंद झाली आहे, नवीवर काम चालू आहे. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

मुलीकडे अमेरिकेत चाललोय. तिथेही गोचीड असते म्हणे?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या भागात असते, आणि ती लाइम नावाचा जीवाणूचा आजार देते. घरामागच्या गवतातून, पार्कातल्या वाटेवरूनही लागते. मे ते जुलै हे मुख्य महिने. तिथे गमबूट लागत नाहीत. बंद बूट, लांब मोजे, पँट खोचलेली, वाटेच्या मधून चालणं, इतकं पुरतं. संध्याकाळी फेरफटका मारायला सँडल घालून गवतात शिरू नका.

लाइमच्या बाबतीत गोचीड साधारण दिवसभर चिकटून राहिल्याशिवाय सहसा लागण होत नाही, म्हणून रोजची तपासणी फार उपयोगी. माकडतापाच्या बाबतीत अशा तासांच्या हिशोबावर विसंबू नका. तिथल्या घरांत ड्रायर असतो. फिरून आल्यावर कोरडे कपडे दहा मिनिटं कडक उष्णतेवर फिरवले की गोचिडी मरतात. चावल्याजागी पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर विमा आहे की नाही याची चिंता न करता डॉक्टरांकडे जा.

लहान मुलांसाठी?

मुलांचे गमबूट मिळतात आणि मुलांना ते आवडतातही. मोठ्यांसारखा वाद घालत नाहीत. पाय वाढेल म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, धावताना पडतात.

गमबूट किती टिकतात, कधी बदलावे?

रोजच्या वापरात दोन-तीन पावसाळे. उन्हात वाळत टाकले तर त्याहून कमी, कारण रबर कडक होऊन तडकतं. सावलीत उपडे ठेवा, आतून ओले असतील तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. घोट्याच्या वळणाशी बारीक चिरा दिसतात का ते बघत जा. तिथूनच पाणी येतं, आणि दातही तिथूनच येईल. बूट पाण्याने भरलेल्या बादलीत बाहेरून बुडवून आत ओल येते का ते तपासा. पंक्चरवाल्याकडे ट्यूबचा तुकडा लावून बूट बागेत पाणी शिंपायला चालेल, रानात नेऊ नका.